विचारा की ओ! मालवणचे चारशे तास, का तापोळ्याचे नऊशे?

या खेपेला पत्रं बघून मीच चाट पडलो. बेळगावला समुद्र नाही, तरी चार पत्रं बोटीचीच. खरं त्यात नवल तरी काय म्हणा, हिडकल धरणाचं एवढं पाणी आहे, सौंदत्तीकडं नविलुतीर्थचं धरण आहे, खाली कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो महापूर आला त्यानंतर नदीकाठच्या माणसाला बोट म्हणजे मजेची वस्तू राहिलेली नाही. माझं गॅरेज होतं तेव्हा चोर्ल्याने नाहीतर आंबोलीने घाट चढून आलेल्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवायच्या, मोटरी माझ्याकडं यायच्या, त्यातल्या निम्म्या "मामुली काम आहे ओ" म्हणून यायच्या आणि महिनाभर टेबलावर पडून राहायच्या. जे सांगतोय ते त्या टेबलावरचं आहे.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही हुक्केरी तालुक्यातले, हिडकलच्या बॅकवॉटरला लागून आमची जमीन आहे. मासेमारीला, पलीकडं जायला यायला आणि पावणे आले की फिरवायला सोळा फुटी फायबरची जुनी बोट बघतोय. दोन सापडल्यात. एक मालवणची, पर्यटकांना फिरवणारी, यामाहाची ४० एचपी टू स्ट्रोक मोटर, पाच वर्षं जुनी, मीटरवर फक्त ४०० तास. दुसरी तापोळ्याची, कोयनेच्या पाण्यातली, ४० एचपीच पण फोर स्ट्रोक, सहा वर्षं आणि ९०० तास. किंमत जवळजवळ सारखी. घरातले म्हणतात कमी तासाची घे, भाऊ म्हणतो खाऱ्या पाण्यातली अजिबात नको. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. भावाचं मोटरीपुरतं ऐका, आणि घरातल्यांचं तास बघायचं म्हणतात तेवढंच ऐका, आकडा जसा दिसतोय तसा मानायचं नाही.

आधी एक भागाकार करा. मालवणला पर्यटकांची बोट पावसाळा सोडून चालते, वर्षाचे दोनशे दिवस धरा, दिवसाला तीनच तास धरा, म्हणजे वर्षाला सहाशे तास झाले आणि पाच वर्षांत तीन हजार. मीटर म्हणतोय चारशे. मग एकतर ती बोट किनाऱ्यावर नुसती पडून होती, नाहीतर मीटर नंतर बसवलाय, नाहीतर बदललाय. ४० एचपीच्या टू स्ट्रोकला बहुतेक वेळा कंपनीचा मीटर नसतोच, तो बाहेरून घेऊन वायरला जोडलेला असतो, त्यामुळं तो कधी जोडला हे मोटरीला माहीत नसतं, मालकालाच माहीत असतं. मी मालकाला खोटारडा म्हणत नाही. खरं ट्रॅक्टर घेताना आपण टायरची गोटी बघतो, क्लचचं पेडल किती झिजलंय बघतो आणि मग अवर मीटरकडं बघून हसतो की नाही? तसंच इथं. स्टिअरिंगचं चाक, गिअरचा दांडा, बसायची फळी, मोटरीच्या खालच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांच्या कडा यांना विचारा, ते बरोबर सांगतात.

तापोळ्याच्या फोर स्ट्रोकचं तसं नाही. इंजेक्शनवाली मोटर असेल तर तिच्या ईसीएममध्ये, म्हणजे मोटरीतल्या कॉम्प्युटरमध्ये, तास नोंदलेले असतात, डीलरचा मेकॅनिक लॅपटॉप लावून नुसते तास नाही तर कुठल्या आरपीएमला किती तास चालली तेही काढून दाखवतो. हे फार कामाचं आहे, कारण नऊशेतले सातशे तास दोन-अडीच हजार आरपीएमला गेले असतील तर ती मोटर अजून तरुण आहे, आणि सगळे साडेपाच हजारला खेचलेले असतील तर गोष्ट वेगळी. बोटीच्या मोटरीला उतार नसतो हे लक्षात घ्या. गाडी दहा किलोमीटर चालली तर त्यातलं निम्मं ती आरामात घरंगळते, बोटीचं म्हणजे अख्खा वेळ चोर्ला घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणं. म्हणून गाडीच्या किलोमीटरशी तिच्या तासाची तुलना करू नका.

आणि नऊशे हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. वेळच्या वेळी शंभर तासाला ऑइल-फिल्टर, गिअर ऑइल झालेलं असेल तर चांगली फोर स्ट्रोक पंधराशे-दोन हजार तास सहज जाते, कितीतरी त्याच्याही पुढं गेलेल्या मी बघितल्यात. फक्त नऊशे म्हणजे टायमिंग बेल्टचा टप्पा जवळ आला, यामाहाच्या बऱ्याच फोर स्ट्रोकला हजार तासाला बेल्ट बदलायला सांगितलाय, झालाय का विचारा, नसेल तर तेवढे पैसे कमी करून मागा.

आता पाण्याचं. इथं लोक एक चूक करतात, खारं वाईट आणि गोडं चांगलं असं सरसकट बोलून मोकळे होतात. मोटरीसाठी ते खरं आहे. बोटीच्या अंगासाठी ते उलटं पडू शकतं.

मोटर आतून थंड होते ती ज्या पाण्यात उभी आहे त्याच पाण्याने. समुद्रातनं आल्यावर दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्याने फ्लश नाही केली तर आतल्या वाटांमध्ये मीठ बसतं, थर्मोस्टॅट अडकतो, अॅल्युमिनियमला पोपडे येतात, स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये असा रुततो की पाना लावला की डोकं तुटून हातात. मी स्वतः एकदा किनाऱ्यावरनं "१२० तास फक्त" म्हणून एक मोटर स्वस्तात आणली होती, सेलरचं नाव कशाला घ्या, घाटावर आणून थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत मिठाचा खडा, भाकरीबरोबर खावा असा. चार बोल्ट तुटले, ड्रिल मारून टॅप करण्यात माझा आठवडा गेला आणि फायदा पण गेला. त्या मोटरीचे तास खरोखरच १२० असतील, माझं त्याबद्दल भांडण नाही, त्या १२० तासांनंतर ती दरवेळी मीठ पोटात घेऊन झोपली होती एवढंच.

अंगाचं मात्र बघा. फायबरच्या बोटीची मागची फळी, जिच्यावर मोटर लटकते, ती बऱ्याच जुन्या बोटींत आतून प्लायवूडची असते, वरून फायबर. लाकूड कुजवणारी बुरशी पावसाच्या, गोड्या पाण्यावर पोसते, मीठ तिला मानवत नाही. म्हणजे कोयनेकाठच्या पावसात जी बोट ताडपत्रीशिवाय सहा पावसाळे उभी राहिली, तिचा प्लाय मालवणच्या बोटीपेक्षा जास्त कुजलेला निघू शकतो. तसंच खालच्या अंगाला येणारे फोड. बेदाणा साध्या पाण्यात टाकला की टम्म फुगतो, मिठाच्या पाण्यात तेवढा नाही फुगत, तोच प्रकार. गोडं पाणी फायबरच्या वरच्या थरातनं जास्त जोराने आत ओढलं जातं, म्हणून बारा महिने गोड्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या बोटीला फोड जास्त येतात. त्यामुळं "किती वर्षं जुनी" यापेक्षा "वर्षातले किती महिने पाण्यात बांधून होती आणि किती महिने ट्रेलरवर वाळत होती" हे विचारा. रोज वर ओढलेली बोट दहा वर्षांची असली तरी कोरडी असते.

बघायचं कसं? मागच्या फळीवर लाकडी हातोडीने नाहीतर पान्याच्या मागच्या बाजूने टकटक करत जा. टणटण वाजली तर ठीक, मध्येच भद् असा आवाज आला की तिथं पाणी शिरलंय. मग मोटर थोडी वर उचलून तिचं खालचं टोक धरून हलवा, फळी वाकत असेल, बोल्टाच्या भोकातनं तांबूस पाणी गळत असेल तर हात जोडून घरी या. आणि एक आमच्या भागातली युक्ती सांगतो जी मालवणवाल्याला सुचायची नाही. आपल्याकडं प्रत्येक गावाच्या तोंडाशी उसाचा वजनकाटा आहे. बोट ट्रेलरसकट काट्यावर घाला, मग ट्रेलर रिकामा घाला. फरक आला त्यातनं मोटर आणि टाकीचं वजन वजा करा आणि बांधणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. पन्नास-शंभर किलो जास्त भरली तर तळाच्या फोममध्ये पाणी भरलंय, आणि तो फोम उन्हात वाळत नाही, कापूनच काढावा लागतो. (काट्यावर तरी विश्वास ठेवायचा का, असं ऊसवाले विचारतील. दोन्ही वजनं एकाच काट्यावर करा म्हणजे झालं.)

मोटर बघताना तिची टोपी, म्हणजे वरचं झाकण, काढा. आत वायरच्या जोडांवर हिरवं चढलंय का, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आहे का, नवा रंग मारलाय का. पाच वर्षांच्या मोटरीला खाली नवाकोरा रंग असेल तर तो प्रेमाने मारलेला नसतो. खाली पंख्याजवळ, गंजाने मोटरीऐवजी आधी त्याला खावं म्हणून लावलेला झिंकचा तुकडा असतो, तो निम्मा खाल्लेला दिसला तर मी खूश होतो, कारण तो मोटरीच्या बदली मेला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. तो पाच वर्षांत जसाच्या तसा असेल किंवा त्याच्यावर रंग फासला असेल तर त्याच्या बदली दुसरं काहीतरी खाल्लं गेलंय. मग गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा ढिला करा, तेल दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलंय, पंख्याच्या दांड्याला मासेमारीची तंगूस गुंडाळली की हे हमखास होतं. शेवटी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. मोटर गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. गेज कुठल्याही बऱ्या मोटरसायकल मेकॅनिककडं मिळतो. आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का ते बघा, एक जरी खाली घसरला तर तास चाळीस असोत का चारशे, ती मोटर म्हातारी.

अजून एक, हे कोण सांगत नाही. हिडकलचं पाणी भरल्यावर समुद्रसपाटीपासून साधारण ६६० मीटरवर असतं. हवा विरळ, त्यामुळं समुद्रावर ४० एचपी देणारी मोटर इथं सहा-सात टक्के कमी देते, मालवणचा पंखा तसाच लावला तर माणसं भरल्यावर बोट वर उठायला कुरकुर करते आणि कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा घ्यावा लागतो. कोयनेचं भरलेलं पाणी पण जवळजवळ ६६० मीटरवरच आहे, म्हणजे तापोळ्याची मोटर तुमच्याच उंचीवर राबलेली आहे.

तर माझं मत, मोटर तापोळ्याची, लॅपटॉप आणि कंप्रेशन बघून. अंग दोन्हींपैकी जे ठोकून, तोलून कोरडं निघेल ते. आउटबोर्डचं हेच चांगलं की चार बोल्ट काढले की मोटर वेगळी आणि बोट वेगळी, सौदा पण वेगवेगळा करता येतो. मालवणवाल्याला नुसतं अंग मागून बघा, मोटर तो दुसऱ्या कुणालातरी "४०० तास" म्हणून विकेलच. आणि मालवणचं काहीही आणलं तर झिंक बदलून मॅग्नेशियमचा नाहीतर अॅल्युमिनियमचा तुकडा लावा, झिंकवर गोड्या पाण्यात थर चढतो आणि तो काम करायचं सोडतो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की हिडकलमध्ये गाळ, खुंट, बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ तर दिसतंच. तेव्हा मोटर वर उचलून चालवा. गाळाचं पाणी ओढलं की आतल्या पंपाचा रबरी इंपेलर खरवडला जातो, तो गोड्या पाण्यात पण दोन वर्षांत बदलायचाच.

प्रश्न : आम्ही निपाणी भागातलं तरुण मंडळ. २०१९ ला वेदगंगेचं पाणी आलं, हायवे बंद पडला, गावात माणसं अडकली आणि बोट यायला वेळ लागला, म्हणून गावची एक बोट असावी असं ठरवलंय. वर्गणीत बसणारी एक हवेची रबरी बोट आणि १५ एचपी मोटर मिळतेय. सहा वर्षं जुनी, खरं चाललीय फक्त ६० तास. नवीनच म्हणायची ना?

उत्तर : नाही म्हणायची. सहा वर्षांत साठ तास म्हणजे वर्षाला दहा तास, म्हणजे ती मोटर चालली नाही, पडून राहिली. मला विचाराल तर रोज दोन तास चालणारी पाचशे तासांची मोटर मी डोळे झाकून घेईन आणि ही डोळे उघडून पण घेणार नाही, निदान उघडून बघितल्याशिवाय नाही.

पडून राहिलेल्या मोटरीत काय होतं, इंपेलरची रबरी पाती एकाच बाजूला मुडपून तशीच घट्ट होतात, सीलं कडक होतात, आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल वाळून गोंद होतो. त्यात आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर, आणि मोटर नेमकी खालचं ओढते. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात दहा टक्के इथेनॉलपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, आपण भरतोय वीस टक्केवालं. आपल्याच उसाचं आहे, तक्रार कुणाकडं करणार.

तरी घ्यायचीच असेल तर किंमत पाडून घ्या आणि इंपेलर, फ्युएल लाइन, प्लग, गिअर ऑइल बदलणं आणि कार्ब्युरेटर खोलून धुणं एवढं काम पहिल्याच दिवशी करायचं हे धरून चाला. मग दर महिन्याला, पौर्णिमेला म्हणा हवं तर, म्हणजे लक्षात राहतं, पिंपात पाणी भरून मोटर दहा मिनिटं चालवायची आणि शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद होऊ द्यायची. हे काम मंडळात एकाच्याच अंगावर टाका. सगळ्यांवर टाकलं की कुणावरच नसतं, गणपतीच्या हिशेबासारखं.

रबरी बोटीचं मोटरीपेक्षा जास्त बघा. तिला पाण्याने नाही, उन्हाने आणि पत्र्याच्या शेडच्या उकाड्याने मारलेलं असतं. पीव्हीसीची असेल तर जोडांचा गोंद सुटतो. संध्याकाळी टम्म भरून ठेवा, सकाळी बघा. रात्री गारव्याने थोडी मऊ पडतेच, तेवढं चालेल, खरं एखादा कप्पा लोळागोळा झाला असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा. पंक्चर असेल तर जोडता येतं, जोड सुटत असेल तर ती बोट सोडा, पुरात कुंपणाची तार, पत्रा, झाडाच्या फांद्या सगळं पाण्याखाली असतं. पंख्याभोवती गार्ड बसवा, माणूस पाण्यात असताना ओढून घ्यायचा म्हटलं तर उघडा पंखा नको. आणि लाइफ जॅकेट आधी, मोटर नंतर. वर्गणी कमी पडली तर वल्ही घ्या.

प्रश्न : खानापूरहून लिहितोय. कारवारकडं मच्छिमारांच्या नाडदोणीवरची (तिकडची लहान गावठी होडी) यामाहा मोटर अर्ध्या किमतीत मिळतेय. तास विचारले तर माणूस म्हणतो "तास कोण मोजतो?" घ्यावी का?

उत्तर : माणूस प्रामाणिक आहे, मोटर घेऊ नका. त्या किनाऱ्यावर नाडदोणींना सरकार सबसिडीचं रॉकेल देत आलंय, पेट्रोलवर सुरू करून पुढं रॉकेलवर चालवायची पद्धत आहे. रॉकेलवर चालायला बनवलेल्या मोटरीचं कंप्रेशन मुळातच कमी असतं, ती पेट्रोलवर तुम्हाला हवी तेवढी ताकद देणार नाही, आणि आत कार्बन बसलेला असतो तो वेगळाच. टोपी काढून वास घ्या, रॉकेलचा वास वर्षानुवर्षं जात नाही. वर खारं पाणी, आणि मासेमारीची मोटर रोज घाम गाळते. स्पेअरला म्हणून एखादी घेतली तर गोष्ट वेगळी, खालचा गिअर आणि पंखा कामाला येतो.

प्रश्न : जून महिन्यात किनाऱ्यावर बोटी स्वस्त मिळतात म्हणे. तेव्हाच घ्यावी का? कागदपत्रं काय लागतात? (बेळगाव)

उत्तर : स्वस्त मिळतात ते खरं, कारण बोट वर ओढून ठेवलेली असते, पाण्यात उतरवून दाखवायचा प्रश्नच येत नाही. पिंपात चालवून दाखवतील, मोटर गोड आवाज करेल, खरं पिंपात तिच्यावर लोडच नसतो. जूनमध्ये सौदा करा, थोडा विसार द्या, बाकी पैसे पावसाळा संपल्यावर पाण्यातल्या ट्रायलनंतर, असं कागदावर लिहून घ्या. याला तयार नसेल तर का नाही ते तुम्हाला कळलंच.

मोटरवाल्या बोटीला देशांतर्गत पाण्यात २०२१ च्या इनलँड व्हेसल्स अॅक्टप्रमाणे नोंदणी आणि सर्व्हे लागतो, मालवण-तापोळ्याकडच्या बोटीची नोंद महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडं असते, मासेमारीच्या बोटीची मत्स्य खात्याकडं. नोंदणीचा कागद, मोटरीचा नंबर आणि विकणाऱ्याचं नाव तिन्ही जुळतायत का बघा. मोटरीचा नंबर खरवडलेला असेल तर बोलणं तिथंच थांबवा. धरणात घालायची असेल तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधी विचारा, बोट नंतर. राकसकोपचा विचार तर मनातही आणू नका, शहर ते पाणी पितं.

आणि ट्रायलला जाल तेव्हा आधी न सांगता टोपीला हात लावा. मालकाने मोटर तासभर आधी चालवून गरम करून ठेवली असेल तर थंड असताना सुरू व्हायला किती वेळा दोरी ओढावी लागते ते तुम्हाला कधीच कळणार नाही. गरम लागली तर काही बोलू नका, जेवून येतो म्हणा, जवळ कुठंतरी सोलकढी-मासे खाऊन दोन तासांनी परत या, आणि मग दोरी तुम्ही स्वतः ओढा.